दहा गुणांचे महाभारत

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांना एक तक्ता जोडलेला आहे. विद्यापीठातल्या अध्यापकाच्या संशोधनाला किती गुण द्यायचे, हे त्यात ठरवून दिलेले आहे. भाषा, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांच्या रकान्यात मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला दहा गुण आहेत. देशातल्या प्रकाशकाने काढलेल्या स्वतंत्र ग्रंथालाही दहाच गुण आहेत, प्रकाशक आंतरराष्ट्रीय असेल तर बारा, आणि संपूर्ण ग्रंथाचा अनुवाद केला तर आठ. विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्या रकान्यात निबंधाला आठ गुण आहेत. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना मिळणाऱ्या उल्लेखांची सरासरी, जसा चढेल तसे ते वाढत जातात. थेट भरतीने प्राध्यापक व्हायचे तर या तक्त्यानुसार किमान १२० गुण जमवावे लागतात. म्हणजे आठ-दहा वर्षे खपून एक ग्रंथ सिद्ध करणारा इतिहासाचा अध्यापक, आणि तेवढ्याच काळात दहा-दहा पानांचे बारा निबंध छापून आणणारा त्याचा सहकारी, यांच्यात कोणाला बढती मिळेल हे ग्रंथ किंवा निबंध उघडून न पाहताच सांगता येते.

या तक्त्यावर नेहमी होणारी टीका अशी की, मानव्यविद्यांतल्या ग्रंथांना कमी गुण मिळतात. मला ती अपुरी वाटते. ग्रंथाचे दहा गुण वाढवून तीस केले तरी मूळ दोष तसाच राहतो, कारण तो गुणांच्या आकड्यात नाही. संशोधन कोणत्याही शाखेतले असो, त्यातून निबंध नावाचा एकाच जातीचा माल तयार होतो आणि तो मोजता येतो, हे गृहीतक चुकीचे आहे. त्या गृहीतकाने मानव्यविद्यांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढेच वैद्यकाचे आणि अभियांत्रिकीचेही केले आहे. शाखाशाखांत विषय तर वेगळे असतातच, पण एखादी गोष्ट सिद्ध झाली असे कधी म्हणायचे, याची कसोटीही वेगळी असते, ती पार पडायला लागणारा काळ वेगळा असतो आणि अखेरीस हाती येणारी वस्तू वेगळी असते. या तिन्हींकडे डोळेझाक करून केलेले मूल्यमापन हे मूल्यमापनच नव्हे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पूर्ण केली. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये तिचे प्रमुख संपादक झाले आणि १९४३ मध्ये काम अर्धवट असतानाच वारले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली. एकूण १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ (तमिळ प्रदेशातली लिपी), मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्यांचे पाठ श्लोकाश्लोकाला ताडून पाहायचे, पोथ्यांची कुळे लावायची, कोणत्या कुळाने कोणाकडून उचलले ते ठरवायचे, आणि मग जो पाठ परस्परांशी संबंध नसलेल्या कुळांत टिकून राहिला आहे तो मूळच्या जवळचा मानायचा, अशी ही रीत. सुकथनकरांनी आधी केंब्रिजला गणित केले होते आणि मग बर्लिनला प्राच्यविद्या. त्यांच्या प्रस्तावनेत ते गणित दिसते. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे ही घराघरांत ठाऊक असलेली कथा या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. पुराव्याने ती उत्तरकालीन ठरली, म्हणून परिशिष्टात गेली. संपादकाची श्रद्धा, वाचकांची आवड, देणगीदारांची नाराजी यांपैकी कशालाही तिथे मत नव्हते.

मानव्यविद्या म्हणजे ज्याचे त्याचे मत, असे समजणाऱ्यांना पुढची हकीकत सांगावीशी वाटते. आदिपर्व १९३३ साली छापून पूर्ण झाल्यावर नेपाळातून एक फार जुनी पोथी उजेडात आली. संपादनाच्या वेळी ती सुकथनकरांच्या हाती नव्हती. तिचा ताळा घेतला तेव्हा त्यांनी केवळ कुळांच्या तर्काने निवडलेल्या अनेक पाठांना तिने दुजोरा दिला. सिद्धान्त आधी मांडायचा आणि पुढे मिळालेल्या स्वतंत्र पुराव्याने तो तपासायचा, हे ज्याला आपण विज्ञानाचे लक्षण म्हणतो ते इथे जसेच्या तसे आहे. फक्त प्रयोग मुद्दाम करता येत नाही. पोथी सापडेपर्यंत थांबावे लागते. इम्पॅक्ट फॅक्टर मोजताना नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती उल्लेख मिळाले ते पाहतात. ज्या शाखेत पुरावा यायलाच दशक लागू शकते, तिथे दोन वर्षांची ही खिडकी काय दाखवणार?

अर्थात काळ लागतो या सबबीखाली सगळेच खपवून घ्यावे असे मी म्हणत नाही. डेक्कन कॉलेजातला संस्कृतचा ऐतिहासिक शब्दकोश सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली सुरू झाला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून कोटीच्या घरात चिठ्ठ्या तयार झाल्या, पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि खंडांनी तिशी ओलांडली तरी काम अजून ‘अ’ या अक्षराच्या मुलखातच आहे. अशा प्रकल्पाबद्दल आदर बाळगूनही मनुष्यबळ किती, वेग किती, पुढची योजना काय, हे विचारायलाच हवे. पण ते प्रश्न कोशकाराला विचारायचे प्रश्न आहेत. यंदा निबंध किती छापले, हा प्रश्न त्याला विचारला तर तो चिठ्ठ्या बाजूला ठेवून निबंध लिहायला बसेल, आणि कोश आहे तिथेच राहील.

वैद्यकाकडे वळले की चित्र अगदी पालटते, आणि तिथेही ते एकसारखे नाही. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रक्ताचे नमुने आढळले की जे ए, बी, ओ यांपैकी कोणत्याच गटाशी जुळेनात. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते जाहीर केले, लेख दोन पानांचा. तो गट पुढे ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून जगभर ओळखला गेला. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ गटाचे भासते, पण अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त चढवले तर जीवावर बेतू शकते, हे त्या दोन पानांमुळे कळले. संख्याशास्त्र नाही, मोठा नमुना नाही, लांबलचक चर्चा नाही. एक अचूक निरीक्षण आणि त्याचा नेमका अर्थ, एवढेच.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम दुसऱ्या जातीचे. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे, विशेषतः मुले, फुप्फुसात पाणी साचून दगावत असत. बावस्करांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून हृदयाच्या लक्षणांचा क्रम टिपला, १९८२ साली तो प्रसिद्ध केला, आणि १९८६ साली प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. पुढे २०११ साली त्यांनी ७० रुग्णांवर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून, चाचणी घेऊन प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण अधिक लवकर सावरतो हेही तपासले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर प्रयोगशाळा म्हणून गावेच घेतली. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेत, आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि त्या पद्धतीवर बेतलेली घरोघरची नवजात-सेवा पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. एक निरीक्षण, एक रुग्णमालिका, एक चाचणी, एक लोकसमूहाचा प्रयोग असे चार प्रकार एकट्या वैद्यकातच दिसतात आणि प्रत्येकाची कसोटी निराळी आहे. शिवाय इथे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो बोलतो, नकार देऊ शकतो, आणि त्याला इजा होऊ शकते. नैतिकता समिती आणि रुग्णाची संमती या गोष्टी पाठभेदांच्या अभ्यासात लागत नाहीत; इथे त्यांच्याशिवाय संशोधनाला सुरुवातच करता येत नाही.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बावस्कर वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक नव्हते आणि बंग दांपत्याची संस्था स्वयंसेवी. दोघांनाही बढतीसाठी निबंध मोजून दाखवायचे नव्हते. उलट महाविद्यालयांतल्या डॉक्टर-अध्यापकांना ठरावीक संख्येने निबंध दाखवावे लागतात, आणि पदव्युत्तर पदवीच्या विद्यार्थ्याला बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड आणि रात्रपाळ्या सांभाळत तीन वर्षांत प्रबंध उरकावा लागतो. त्यातले किती प्रबंध खऱ्या प्रश्नातून उगवतात आणि किती मागच्या वर्षीच्या प्रबंधाची फक्त रुग्णसंख्या बदलून तयार होतात, हे त्या व्यवसायातल्या कोणालाही खासगीत विचारून पाहावे.

अभियांत्रिकीची गोष्ट कोयनेवाचून सांगता येणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दीड-पावणेदोनशे माणसे गेली, कोयनानगर जमीनदोस्त झाले आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा पडल्या. धरण बांधताना भूकंपाचा आडवा जोर म्हणून त्याच्या वजनाच्या पाच टक्के बल गृहीत धरले होते. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या उपकरणाने गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ निम्म्याइतका धक्का नोंदवला. भेगा कुठे पडल्या तर धरणाच्या साठ्याविरुद्धच्या बाजूचा उतार जिथे एकाएकी बदलतो त्या पातळीच्या आसपास. ही नोंद आणि या भेगा यांनी जगातल्या धरण-अभियंत्यांना एक दुर्मीळ वस्तू दिली. गणिताने काढलेले उत्तर खरे की खोटे, हे ताडून पाहायला प्रत्यक्षातले एक धरण मिळाले. आजही काँक्रीटच्या धरणाचे भूकंपीय विश्लेषण करणारी नवी रीत कोणी मांडली की तो ती आधी कोयनेवर चालवून दाखवतो. धरणाला मागच्या बाजूने आधार बांधून ते मजबूत केले गेले, आणि भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक १९७० साली सुधारले गेले, तेव्हा कोयनेचा टापू वरच्या जोखमीच्या विभागात आला.

आता हे ज्ञान शेवटी राहते कुठे? काही निबंधांत राहते हे खरे, पण त्याचा खरा मुक्काम मानकाच्या कलमांत, आराखड्यात आणि धरणाला दिलेल्या आधाराच्या काँक्रीटमध्ये असतो. भारतीय मानकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नसते. ते समितीचे काम असते. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून धरणांच्या सांडव्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडून पाहत आले आहे. तिथल्या कामाचे फलित म्हणजे तांत्रिक अहवाल, जो ते बंदर बांधणाऱ्याच्या हाती जातो. संगणकशास्त्रात तर अव्वल परिषदेत स्वीकारला गेलेला निबंध अनेकदा नियतकालिकातल्या निबंधापेक्षा मोठा मानला जातो. तक्ता या सगळ्याला एकाच चाळणीतून गाळतो.

शाखांचे वेगळेपण मांडताना त्यांच्यात भिंती उभारायच्या नाहीत, हेही सांगायला हवे, आणि त्याला दामोदर धर्मानंद कोसंबींइतके चांगले उदाहरण नाही. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाचे १९४४ मधले एक सूत्र आनुवंशिकीत जनुकांमधले अंतर मोजण्यासाठी आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. त्याच माणसाने प्राचीन आहत (ठसे मारून घडवलेल्या) नाण्यांची वजने करून, चलनात फिरताना नाणे किती झिजते यावरून साठ्याचा काळ आणि क्रम लावला, आणि पावणेचारशेहून अधिक हस्तलिखिते ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची संपादित आवृत्ती १९४८ साली काढली. पण गणितात त्यांनी गणिताचीच कसोटी पाळली आणि पोथ्यांत पाठचिकित्सेची. आज आंतरविद्याशाखीय म्हणून जे पुष्कळ लिहिले जाते त्यात नेमके याच्या उलट घडते. दोन शाखांच्या सीमेवर उभे राहून दोन्हीकडच्या कसोट्या चुकवता येतात.

मग हा तक्ता आला तरी का? त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तक्त्याआधीचा काळ काही रामराज्य नव्हता. निवड समितीत बसलेले चार तज्ज्ञ ‘आपला माणूस’ पाहून निर्णय देत; जात, गट, गुरूचे घराणे आणि पुढाऱ्याची चिठ्ठी यांचे वजन ग्रंथापेक्षा जास्त पडे. ज्याच्या पाठीशी कोणी नव्हते अशा उमेदवाराला आकडा हा आधार वाटला, आणि तो त्याचा भ्रम नव्हता. आकड्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. तज्ज्ञाच्या भुवईविरुद्ध जाता येत नाही. म्हणून आकडा काढून टाका आणि पुन्हा विद्वानांवर सोपवा, एवढेच म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

परंतु आकड्याने पक्षपात थांबवला का, हेही पाहू. गुण मिळवायचे तर निबंध हवा, निबंधाला नियतकालिक हवे, आणि मागणी उभी राहिल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून तीत आलेल्या नियतकालिकांचा नमुना पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासला, आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला की त्यांतली सुमारे ८८ टक्के दर्जाहीन असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून निर्णय पुन्हा विद्यापीठांवर सोपवला गेला. पीएच.डी.च्या प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती २०२२ मध्ये उठवण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये चर्चेसाठी ठेवलेल्या नव्या विनियमांच्या मसुद्यात तर गुणांऐवजी ‘उल्लेखनीय योगदान’ पाहावे असे म्हटले आहे. आयोगालाही आपल्या तक्त्याचा भरवसा उरलेला नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

याच सुमारास उपयुक्ततेचा दुसरा मापदंड पुढे येतो आहे, आणि तो मला तक्त्याइतकाच धोक्याचा वाटतो. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मराठा-कुणबी समाजासाठीच्या सारथी संस्थेच्या अधिछात्रवृत्तींची चर्चा चालू असताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार, असा सवाल केला. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि कोणकोणत्या विषयांवर प्रबंध होतात हा त्यांच्या रोखाचा भाग सर्वस्वी निराधारही नव्हता. पण तोच विचार अधिक सभ्य शब्दांत कायद्यातही आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडून पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची अपेक्षा धरली गेली, आणि त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यावा असे ठरले. त्याच्या कार्यकक्षेत नैसर्गिक विज्ञाने, अभियांत्रिकी, आरोग्य, शेती हे विषय पूर्णपणे आहेत. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे मात्र जिथे त्यांचा विज्ञान-तंत्रज्ञानाशी सांधा जुळतो तेवढ्यापुरतीच आहेत. म्हणजे मोडीतली बखर संगणकाकडून वाचवून घ्यायची असेल तर दार उघडे, आणि ती बखर खरी की बनावट ते ठरवायचे असेल तर दुसरे दार शोधा. वास्तविक दुसरे काम झाल्याशिवाय पहिल्याला किंमत नाही.

उपाय शोधायला फार लांब जायला नको. उमेदवाराने आयुष्यातली सगळी यादी न देता आपली निवडक तीन किंवा पाच कामे द्यावीत. त्यांत ग्रंथ, आवृत्ती, कोशाचा खंड, मानकाचा मसुदा, तांत्रिक अहवाल, चाचणीची नोंद, माहितीसंच यांपैकी काहीही चालावे. ती कामे त्या त्या शाखेतल्या, शक्यतो राज्याबाहेरच्या, तीन वाचकांनी खरोखर वाचावीत आणि प्रत्येकाने सहीनिशी अहवाल लिहावा की यात नवे काय सिद्ध झाले आणि कशाच्या बळावर. आणि हा अहवाल, निवड झालेल्याचा आणि न झालेल्याचाही, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता यावा. निवड न झालेल्याला आपले नाव झाकून घ्यायची मुभा असावी. पक्षपात करणारा तज्ज्ञ बंद खोलीत धीट असतो. आपल्या शाखेतले शंभर लोक हे वाचणार आहेत हे ठाऊक असले की तो वाक्य तोलून लिहील. तरीही पक्षपात होईल, पण मग तो दाखवता येईल, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायला हातात कागद असेल.

यावर कुलसचिवांचा आक्षेप मला ऐकू येतो की, एवढे वाचायला वेळ कोणाला आहे आणि वाचकांना मानधन कोण देणार. आक्षेप रास्त आहे. गुण मोजायला एक लिपिक पुरतो. पाचशे पानांचा ग्रंथ वाचायला तज्ज्ञाचे दोन आठवडे जातात, आणि आज त्याबद्दल त्याला मिळणारी रक्कम प्रवासखर्चाहून फारशी जास्त नसते. मग भरती-बढतीच्या अंदाजपत्रकात वाचनाचा खर्च हे स्वतंत्र शीर्ष ठेवावे लागेल, आणि वैद्यकीय शिक्षणात प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यावर लादलेला प्रबंध ऐच्छिक करून मार्गदर्शकांचे वाया जाणारे तास मोकळे करावे लागतील. ज्याला चांगला शल्यविशारद व्हायचे आहे त्याने शस्त्रक्रिया शिकावी. ज्याला प्रश्न पडला आहे त्याला तीनऐवजी पाच वर्षे आणि एक संख्याशास्त्रज्ञ मिळावा. सुरुवात एखाद्या विद्यापीठाने एका विद्याशाखेपुरती केली तरी चालेल, आणि ‘केअर’ यादी गेल्यानंतर तसे करण्यापासून विद्यापीठांना रोखणारी सबब आता त्यांच्यापाशी फारशी उरलेली नाही.